पाण्याच्या पोटात वारा

जानेवारीत दोंडाईच्याला हवासुद्धा तिखट लागते.
पथारींवर मिरची वाळत असते, नजर पोचेल तिथवर लाल,
आणि माझ्या टेबलावर सहा काचपात्रं,
तुरटीच्या सहा मात्रा,
सहांचा एकच जबाब :
खाली बसायचं ते वर येतंय.

फुलं धरतात, तक्रार नाही.
(आम्ही फूलच म्हणतो. गाळाचे कण
तुरटीनं एकमेकांना बिलगले
की मळक्या कापसाचं बोंड फुटल्यासारखं दिसतं.)
पण प्रत्येक फुलाच्या अंगाला एक बुडबुडा,
राजगिऱ्याहून बारीक,
आणि तेवढ्याच्या जोरावर अख्खं फूल अधांतरी,
जत्रेतल्या फुग्याला लोंबकळलेल्या पोरासारखं.

पहाटे टाकी गप्प असते.
दहाला ऊन चढतं,
तापीतून गारठून आलेलं पाणी कोमट होतं
आणि आत विरलेला वारा सोडू लागतं.
अकराला टाकीवर तपकिरी साय.
बाराला फिल्टर तुंबतात.
एकला नगरपालिकेचा फोन :
मॅडम, नळाला चहा येतोय,
साखर तेवढी आम्ही टाकू का?

मी तुरटी वाढवली.
साय जाड झाली.
मी अजून वाढवली.

उखाजी मिस्तरी दारात उभे होते,
हाताला ग्रीस, कानामागं विझलेली बिडी.
म्हणाले, "ताई, पानीना पोटम्हा वारा शे.
त्याले तुरटी नको. ढेकर पायजे."

मी हसले. एम.एस्सी.ची फ्रेम भिंतीवर होती, ती नाही हसली.

दुसऱ्या दिवशी जीपनं नदीवर.
पंपघरात त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक पंपाला,
आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.
मग म्हणाले, "उदबत्ती शे का?"
होती. पंपघरातल्या गणपतीपुढची, अर्धी जळलेली.
ती त्यांनी पंपाच्या मानेशी धरली.
धूर वर जायचा सोडून वाकला,
जरा घुटमळला,
आणि पॅकिंगच्या फटीत शिरला,
दुधाच्या खोलीत मांजर शिरावं तसा.

पंप पाणी पीत होता, आणि दर घोटाला वारा.

नवी दोरी वळली, चरबी लावली, नट आवळले,
थेंब थेंब पाणी गळेल इतपतच.
"गयू दे थोडं," म्हणाले, "गयस तथाईन वारा नही जास."
मग चढावरचा झडप, कित्येक वर्षं गंजून गप्प.
त्यांनी हातोडीनं हळू टिचकी मारली
आणि नळानं असा काही लांब, ओला ढेकर दिला
की बांधावरचे बगळे उडाले.

राहिलं उन्हाचं. ऊन काही आवळता येत नाही.
तेव्हा पाणी जिथं उंचावरून धबाधब आदळायचं
तिथं पाइपाला कोपरा लावून तोंड पाण्याखाली नेलं,
आणि तुरटीच्या आधी, जुन्या रिकाम्या कुंडीत
त्याला पंधरा मिनिटं नुसतं थांबवलं.
काही घालायचं नाही, ढवळायचं नाही.
उघड्या कुंडीत पाणी उभं,
कडेनं बारीक बारीक बुडबुडे निघून जाताहेत,
कुणाला न सांगता.

आज बाराला मी काचपात्र खिडकीशी धरलं.
फुलं उतरत होती. घाई नव्हती एकालाही.
तळाशी बोटभर गाळ,
वर इतकं स्वच्छ
की पलीकडची पथारी त्यातून लाल दिसली,
उलटी.

नोंदवहीत गढूळपणाला रकाना आहे,
तुरटीला आहे, क्लोरीनला आहे.
वाऱ्याला नाही.
उखाजी एकतीसला निवृत्त होताहेत, त्यालाही नाही.
शेऱ्याच्या जागी मी लिहिलं : ढेकर दिला.
खाली सही केली.
मग मिरचीनं सलग तीन शिंका आल्या,
आणि शाई जरा पसरली.